अंगठा घेतला, त्याचा हिशेब कोण देणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपत्तीत मदत करणाऱ्या संस्थांच्या उत्तरदायित्वावरचा कालचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा बरं वाटलं, दुसऱ्यांदा राग आला. मदत संस्थांसाठी २०१४ मध्ये ठरलेल्या मानकातली नऊ वचनं लेखात दिली आहेत. मदत घेणाऱ्याला तक्रार करता आली पाहिजे आणि तिची दखल घेतली गेली पाहिजे, हे त्यातलंच एक. पण लेखात सगळी मतं देणाऱ्यांची आहेत. घेणारं एकही माणूस त्यात बोलत नाही. चाळीसगावकडे यायचं होतं, आम्ही सांगितलं असतं.

३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे तितूर नदीचं पाणी आमच्या घरात शिरलं. कन्नड घाटात दरडी कोसळल्या तीच ती रात्र. आमच्या दोन म्हशी दावणीलाच गेल्या, दावं कापायलाही वेळ मिळाला नाही. आठवड्याभराने एका संस्थेची गाडी आली. बादलीत भरलेलं सामान, वर चादर. शेजारच्या काकांनी तिथेच विचारलं, "भाऊ, ढोरं वाही ग्यात, आते या चादरी कोनवर टाकू?" वाचलेल्या जनावरांना चारा हवा होता, शेतातली मोटार गाळात रुतली होती. ते कोणी विचारलं नाही. तरीही जे आलं ते आम्ही हात जोडून घेतलं, कारण घरात कोरडं कापडसुद्धा नव्हतं.

राग त्याचा नाही, कागदाचा आहे. सासूबाईंनी एका इंग्रजी फॉर्मवर अंगठा दिला. दहावीतल्या माझ्या मुलाने मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि रात्री वाचून दाखवला. यादीत अकरा वस्तू. आम्ही बादली जमिनीवर रिकामी केली, सात निघाल्या. ताडपत्री नाही, मच्छरदाणी नाही, टॉर्च नाही, पाण्याचा कॅन नाही. आणि त्या रात्री छपरातून पाणी गळत होतं.

बॅनरवरच्या नंबरवर मी तीन दिवस फोन लावला. चौथ्या दिवशी एका बाईंनी हिंदीत सगळं ऐकून घेतलं, नोंद केली म्हणाल्या. पुढे काही नाही. वस्तू कुठे गेल्या, की मुळात निघाल्याच नव्हत्या, मला माहीत नाही. मी कोणाला चोर म्हणत नाही. विचारायला जागा नव्हती, एवढंच सांगते आहे. सासूबाई मात्र रोज एकच विचारायच्या, "मी अंगठा दिधा, मंग मी खोटी पडनू का?" अकरा मिळाल्या असं त्यांच्या अंगठ्याने लिहून दिलं होतं ना! जन्मात कोणाचा पैसा न बुडवलेल्या बाईला हा घोर लागला.

रेशन दुकानात साठ्याचा फलक लावावा लागतो. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याने कामांचं सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावानेच करायची तपासणी, ग्रामसभेकडे दिलं. मग बाहेरून आलेल्या मदतीची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत का लागत नाही? गाडी गावातून निघण्याआधी ती चार माणसांत मोठ्याने वाचायला किती वेळ लागतो? धर्मादाय आयुक्तांकडे संस्थांचे हिशेब जातात, देणगीदारांना अहवाल जातो. ज्याच्या नावावर तो खर्च पडला त्याला मात्र कागद दिसत नाही.

आणि संपादक महोदय, आपल्यालाही एक सांगायचं आहे. त्या वाटपाचा फोटो आपल्या अंकात आला होता. खाली पाहुण्यांची नावं पदांसकट, आणि मधोमध बादली धरून उभ्या माझ्या सासूबाई, नुसत्या 'पूरग्रस्त महिला'. तिथे कोणी नाव विचारलं असतं तर यादीचंही विचारता आलं असतं. संस्थेने पाठवलेली बातमी जशीच्या तशी छापू नका, गावात एक फोन करा. आमच्याकडच्या बातम्यांना आवृत्तीत आधीच जागा कमी, त्यात हे.

फॉर्मचा तो फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये अजून आहे. त्या संस्थेचं कोणी हे वाचत असेल, तर घरी यावं. वस्तू नकोत. सासूबाईंसमोर बसून त्या कागदावर अकराचे सात करून द्यावेत.

आपली नम्र,
एक वाचक, ता. चाळीसगाव, जि. जळगाव