दुखणं थांबलं, तरी गोळी थांबवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

छातीत दुखतंय म्हणत येणारं गिऱ्हाईक हमखास गॅसची गोळी मागतं. कराडात माझं मेडिकल आहे. अशांना मी गोळी न देता ईसीजी काढायला पाठवतो. काही जण चिडून पलीकडच्या दुकानात जातात. जाईनात का!

पण हे पत्र निदान होऊन औषध सुरू झालेल्यांसाठी आहे. हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज येते, तो पेरिकार्डायटिस. तरण्याताठ्यांनाही होतो, पुष्कळदा व्हायरल आजारानंतर. छातीत टोचतं, खोल श्वास घेतला की कळ वाढते, उताणं झोपवत नाही, पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं. एका कॉलेजकुमाराची आई सांगत होती, पोरगं रात्रभर उशी कवटाळून ओणवं बसून होतं. हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. ईसीजीची रेघ हार्ट अटॅकसारखीच वर उचललेली दिसू शकते, फक्त इथे ती बहुतेक सगळ्या लीडमध्ये, म्हणजे ईसीजीच्या वेगवेगळ्या पट्ट्यांत, उचललेली असते. मात्र वाकल्यावर बरं वाटलं म्हणून अटॅक नाही, असं घरी बसून कुणी ठरवू नये.

उपचारात आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन काही आठवडे, हळूहळू कमी करत, आणि सोबत कोल्चिसिन तीन महिने. दुखणं बहुधा काही दिवसांतच उतरतं आणि घोळ तिथेच होतो. तीच आई नंतर कोल्चिसिनची अर्धी पट्टी परत करायला आली. "मोबाइलवर बघितलं, ही तर गाउटची गोळी आहे. पोराला गाउट कुठाय?" गोळी गाउटचीही, म्हणजे सांधे सुजून दुखण्याच्या आजाराचीही आहे, पण हे दुखणं उलटण्याची शक्यता तिने साधारण निम्म्यावर येते. पट्टी मी परत घेतली नाही.

आपल्या डोंगरातल्या कळलावीच्या कंदात असतं ते विष म्हणजेच कोल्चिसिन, तेव्हा मनाने डोस वाढवायचाही नाही. वजन 70 किलोच्या आत असेल तर सहसा 0.5 मिलिग्रॅमची दिवसाला एकच गोळी असते. जुलाब लागले तर डॉक्टरांना कळवा. दुसऱ्या कुणी खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं, तर आधी कोल्चिसिनची चिठ्ठी दाखवा. दोन्ही एकत्र जिवावर बेतू शकतात.

आपल्याकडे टीबीमुळेही या आवरणात पाणी साठतं. संध्याकाळचा ताप, घटतं वजन आणि धाप असेल तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावा. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पाणी भराभर साठून बीपी घसरायला लागलं, तर मात्र ते सुईने तातडीने काढावं लागतं. तिथे थांबायला वेळ नसतो.

डॉक्टरांना विनंती एवढीच, की चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे 'हृदयाच्या आवरणाच्या सुजेसाठी, तीन महिने' असं मराठीत लिहावं. गोळी कधी संपवायची ती तारीख मी पाकिटावर पेनाने लिहून देतो. इतर केमिस्ट बंधूंनाही ते जमण्यासारखं आहे.

— एक औषधविक्रेता, कराड