छापणाऱ्यालाही तोच कायदा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

परवाचा आपला फसव्या जाहिरातींवरचा अग्रलेख वाचला. दोनदा वाचला. एकदा वाचक म्हणून आणि दुसऱ्यांदा जुन्या सवयीने, हातात लाल पेन घेऊन. नटनट्या, क्रिकेटपटू, रीलवाले, कंपन्या, सरकार, सगळ्यांचा आपण यथास्थित समाचार घेतलात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातला 10 लाखांचा दंड आला, पुन्हा सापडल्यास 50 लाख आले, जाहिरातीत तोंड दाखवणाऱ्यावर आधी एक आणि मग तीन वर्षांपर्यंतची बंदी आली. राहिला तो फक्त जाहिरात छापणारा.

अग्रलेख पान 6 वर होता. त्याच अंकात पान 5 वर, तळाशी, तीन कॉलमांत मजकूर होता : ‘मधुमेह मुळापासून बरा. गोळ्या-इन्सुलिनपासून कायमची सुटका.’ पान 5 आणि पान 6 म्हणजे एकाच कागदाच्या दोन बाजू. आपला कागद हल्ली इतका पातळ झाला आहे की उजेडाकडे धरला तर अग्रलेखातून ती जाहिरात दिसते. मी धरून पाहिला.

मी 31 वर्षे छापखान्यात काढली. आधी खिळे, म्हणजे शिशाची अक्षरे, जुळवले, नंतर मुद्रिते, म्हणजे छपाईआधीची प्रुफे, तपासली. 1974 च्या सुमारास आमच्याकडे एक वैद्यबुवा हँडबिले छापायला आले होते. पाच हजार प्रती, गुलाबी कागद, पैसे रोख. मजकुरात मूतखडा, मधुमेह, लठ्ठपणा आणि शेवटी ‘उंची वाढवा’. आमचे मालक सातवी पास. त्यांनी मजकूर चष्मा वर करून वाचला आणि कागद परत बुवांच्या हातात दिला. म्हणाले, “बुवा, यात लिहिणारा आत जातो आणि छापणाराही जातो. माझी पोरं लहान आहेत.” बुवा दुसरीकडे गेले. त्या महिन्यात आमचा पगार चार दिवस उशिरा झाला, हेही सांगायला हवे.

मालक ज्या कायद्याला भीत होते तो 1954 चा. औषधे व जादूचे उपाय, आक्षेपार्ह जाहिराती वगैरे असे त्याचे लांबलचक नाव आहे. ‘जादू’ शब्द आला की लोकांना ताईत, गंडेदोरे आठवतात आणि कायदा जुना, हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो. पण त्याच्या परिशिष्टात 54 आजारांची यादी आहे. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयविकार, मूतखडा, लठ्ठपणा, माणसाची उंचीसुद्धा. हे आजार अमुक औषधाने बरे होतात अशी जाहिरातच करायची नाही. औषध खरे की खोटे, हा वाद तिथे उद्भवतच नाही. आणि ‘जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणे’ याची व्याख्या करताना त्या कायद्याने छपाईचे नाव घेतले आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, नाहीतर दोन्ही. पुढच्या वेळी वर्षापर्यंत.

आपण ज्या 2019 च्या कायद्याचे गोडवे गायलात, त्यात मात्र आपल्यासारख्यांची सोय आहे. धंद्याच्या नेहमीच्या ओघात जाहिरात छापली हे सिद्ध केले की छापणारा दंडातून सुटतो. ती जाहिरात मागे घेण्याचा आदेश आधीच ठाऊक असेल, तरच अडकतो. जुन्या कायद्यात असली सवलत माझ्या वाचनात आली नाही, आणि वाचणे हाच माझा धंदा होता.

आता हे सगळे मला आजच का सुचले, असे आपण म्हणाल. माझी थोरली बहीण सांगलीला असते. वय 74. तिला आम्ही अक्का म्हणतो. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी तिने आपल्याच दैनिकात मधुमेह बरा करण्याचा एक मजकूर वाचला. डॉक्टरसाहेबांचा फोटो, प्रश्नोत्तरे, बातमीसारखा मथळा, बातमीचाच टाइप. ‘जाहिरात’ हा शब्द उजव्या कोपऱ्यात, मुंगीने पाय बुडवून उमटवावा तसा. स्टँडजवळच्या लॉजवर रविवारी तपासणी. अक्का रिक्षाने गेली, 7,200 रुपये देऊन तीन महिन्यांच्या डब्या घेऊन आली आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. आम्हाला कुणाला बोलली नाही. डिसेंबरात पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. दवाखान्यात नेले तेव्हा साखर 412. सहा दिवस भरती, आणि जखम भरायला होळी उजाडली. मी चिडून विचारले, “अगं, असल्या माणसावर विश्वास ठेवलासच कसा?” तर म्हणाली, “त्या माणसाला मी कुठं ओळखते? पेपरात आलं होतं.”

संपादक महाशय, या वाक्यावर आपण एक स्वतंत्र अग्रलेख लिहावा.

मी आपल्या जाहिरात विभागाला फोन केला. पोरगा गोड बोलणारा होता. म्हणाला, “काका, आम्ही फक्त जागा विकतो. आणि खाली डिस्क्लेमर असतो ना.” असतो. मी कात्रण काढून भिंगाखाली धरले. जाहिरातीचा मथळा 48 पॉइंट (हे टाइपाच्या उंचीचे माप) तरी असेल. खाली पाच पॉइंटात, तेही इंग्रजीत, एक ओळ की परिणाम व्यक्तीगणिक वेगळे असू शकतात. आमच्याकडे सहा पॉइंटाच्या खाली काही जुळवायला मालक बंदी करत, कारण ते वाचता येत नाही. आता जून 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत स्पष्ट आहे की दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत, आणि टाइपही दाव्याचाच. मराठी वाचणाऱ्या म्हातारीला मराठीत भुलवायचे आणि इंग्रजीत सावध करायचे, हे त्यात बसत नाही. हे नियम पाळायला वकील लागत नाही. प्रूफ वाचणारा एक माणूस पुरतो. पण तो आपण ठेवला आहे की नाही, याची मला शंका आहे. कारण त्याच अग्रलेखात ‘कारवाई’ तीन ठिकाणी ‘कारवाही’ छापली आहे आणि शेवटच्या परिच्छेदात न्यायालयाला ‘न्यायलय’ केले आहे.

टाइपाच्या आकाराचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाला मात्र कळते. पतंजली कंपनीच्या औषधांच्या फसव्या जाहिरातींच्या प्रकरणात एप्रिल 2024 मध्ये न्यायालयाने कंपनीला विचारले होते की तुमचा माफीनामा तुमच्या नेहमीच्या जाहिरातींएवढाच मोठा छापला आहे का? दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मोठा माफीनामा आला. त्या प्रश्नाचे आपण अग्रलेखात कौतुक केले आहे, योग्यच केले. पुढे मे महिन्यात त्याच न्यायालयाने ‘जाहिरात फसवी नाही’ असे स्वयंघोषणापत्र जाहिरातदाराकडून आधी घेण्याचे सांगितले, तेही आपण लिहिले. मग माझा एवढाच साधा प्रश्न आहे : अक्काने वाचलेल्या मजकुरासाठी तो कागद आपल्या विभागाने मागितला होता का? मागितला असेल तर मला त्याची प्रत पाहायला आवडेल. टपालखर्च मी देईन.

जाता जाता आणखी एक. गेल्या महिन्यात चार दिवस अंकाला बिल्डरांच्या जाहिरातींचे जॅकेट, म्हणजे पहिल्या पानावरून गुंडाळलेली जाहिरातीची पाने, होते. आपल्या दैनिकाचे नाव शोधायला मला दोन पाने उलटावी लागली. त्या जाहिरातींत महारेराचा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड मात्र व्यवस्थित, ठळक होता. म्हणजे दंडाची भीती असली की आपल्याकडेही सगळे नीट छापता येते. अर्थात 6 रुपयांच्या अंकात वाचकाने नावही मागू नये, हे मान्य.

राग आला असल्यास क्षमस्व. 40 वर्षे आपला वाचक आहे, अंक बंद करणार नाही. अक्काने केला आहे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, सातारा

ता. क. – पत्र पाकिटात घालत होतो, तोवर आजचा अंक आला. पान 9, डावीकडे तळाशी. तोच फोटो, तीच प्रश्नोत्तरे. लॉज बदलला आहे. येत्या रविवारी सकाळी 10 ते 4, साताऱ्यात.