बीपीची गोळी महिनाभराची द्या

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

आईचं बीपी पहिल्यांदा मोजलं तेव्हा 170/100 निघालं. उपकेंद्रातल्या मॅडमनी कार्ड काढलं, अ‍ॅम्लोडिपिनची 5 मिलिग्रॅमची गोळी सुरू केली आणि "बरं वाटलं तरी सोडायची नाही" असं दोनदा बजावलं. चार महिन्यांत बीपी 130 च्या घरात आलं. मग गोळ्यांची ओढाताण सुरू झाली. कधी दहाच मिळायच्या, कधी "संपल्यात, पुढच्या आठवड्यात या." आठ किलोमीटरवरच्या आरोग्य केंद्रात जायचं तर खुरपणीचा रोज बुडतो. आईने तिच्या परीने मार्ग काढला. गोळी एक दिवसाआड घ्यायची. मी पुण्यात नोकरीला. मला तिने सांगितलंच नाही. पोराला कशाला खर्चात पाडायचं, एवढाच तिचा विचार.

एका सकाळी भाकरी थापताना तिचा उजवा हात परातीतच लुळा पडला. तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. सीटी स्कॅन होईपर्यंत सहा तास गेले. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. नंतर घर आवरताना मसाल्याच्या डब्यामागे अर्धी स्ट्रिप सापडली, फडक्यात गुंडाळलेली. पाच गोळ्या शिल्लक होत्या. तिने त्या दहा दिवस पुरवल्या असत्या.

मंत्रिमहोदय, हे काम आपल्या राज्याला नवं नाही. 2017 मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा होते. मोजकीच ठरलेली औषधं, प्रत्येकाचं कार्ड, जो आला नाही त्याची विचारपूस आणि घराजवळच महिन्याच्या गोळ्या, अशी त्याची साधी रीत. 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत झाले, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण औषधाचं कपाटच रिकामं असेल तर पेशंटच्या हातात काय पडणार? महात्मा फुले योजनेत लाखांचे उपचार होतात. ती वेळ येऊच नये म्हणून लागणारी गोळी मेडिकलमध्येसुद्धा काही रुपयांना मिळते.

माझी मागणी एवढीच आहे. कार्ड असलेल्या प्रत्येकाला उपकेंद्रातच एका वेळी तीस गोळ्या मिळाव्यात. तिथे निदान दोन महिन्यांचा साठा कायम असावा आणि किती गोळ्या शिल्लक आहेत ते दारावरच्या फळ्यावर लिहिलेलं असावं. साठा कमी झाला की मागणी जिल्ह्याला आपोआप जावी. त्यासाठी नर्सताईंना फोन करत बसायला लागू नये.

आई आता डाव्या हाताने जेवते. तिच्या औषधाची जबाबदारी मी घेतली आहे. आमच्या आळीत अजून नऊ जणींकडे ती कार्डं आहेत, आणि त्यांतल्या तिघी मागच्या सोमवारी रिकाम्या हाताने परत आल्या. कृपया या आठवड्यातच साठ्याची चौकशी करावी.

आपला नम्र,
बीपीच्या एका पेशंटचा मुलगा