महाबळेश्वरच्या रिसॉर्टचं बिल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, "दोनच रात्री होत्या, जाऊ दे" हे तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही. रात्रीचे आठ हजार मोजून कोमट पाणी आणि कुबट खोली मिळाली असेल, तर तक्रार करणं म्हणजे भांडण नव्हे.

आधी पाण्याचं. गरम पाण्याची टाकी एका टोकाला आणि तुमची कॉटेज दुसऱ्या टोकाला असली, की मधल्या पाइपात पाणी गार होऊन बसतं. एक इंची पाइप शंभर फूट असेल तर त्यात साधारण १५ लिटर मावतं, म्हणजे शॉवरची दोन मिनिटं. चांगल्या हॉटेलात पाणी टाकीकडे परत फिरवणारी वेगळी लाइन असते, त्यामुळे नळ उघडताच गरम येतं. पण दहा मिनिटांनीही कोमटच येत असेल तर पाइपाला दोष देऊ नका. गर्दी नसताना इंधन वाचवायला बॉयलर ठराविक वेळेतच लावतात. "सकाळी थोडा वेळ प्रेशर कमी असतं" हे रिसेप्शनचं ठरलेलं उत्तर. प्रेशरचा आणि गरम असण्याचा काय संबंध?

कुबट वासाचं कारण महाबळेश्वरचा पाऊस, पण सबब म्हणून ते चालणार नाही. तिथे हॉटेल बांधणाऱ्याला पाऊस माहीत असतोच. एसी हवेतली ओल काढतो खरा, पण बाहेरच गारवा असला की कॉम्प्रेसर लगेच बंद पडतो आणि ओल तशीच राहते. तिथे डिह्युमिडिफायर किंवा हीटर लागतो. नुसता रूम फ्रेशनर मारलेला असेल तर कपाट उघडून वास घ्यायचा आणि पलंगामागच्या भिंतीला हात लावायचा. आई, तू गादीची शिवण उलटून बघतेस ते बरोबरच आहे. ढेकणांचे काळे ठिपके तिथेच दिसतात. तोवर बॅग पलंगावर ठेवायची नाही.

हे सगळं पहिल्या अर्ध्या तासात, सामान उघडायच्या आत. खोली बदलून मागायची वेळ तीच. एक रात्र काढली की "तुम्ही तर राहिलात" असं ऐकायला मिळतं.

आता बिल. खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० पर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के, त्यावर गेलं की १८. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ८,००० ची थेट ९,४४० ला. पुढच्या वेळी भाव करताना हा आकडा लक्षात ठेवा. जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तसं २०२२ मध्येच सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. तो परत मागा. पाण्याच्या बाटलीचे जादा पैसे मात्र विसरा, छापील किमतीच्या वर विकायची मुभा हॉटेलांना सर्वोच्च न्यायालयानेच दिली आहे.

पाटीवरच्या पाच ताऱ्यांवरही विसंबू नका. सरकारी तारे केंद्रीय पर्यटन मंत्रालय देतं, पाच वर्षांसाठी, आणि तेही हॉटेलने अर्ज केला तरच. बुकिंगच्या साइटवरचे तारे वेगळे. 'लक्झरी' हा शब्द तर कुणीही लिहू शकतं. त्यापेक्षा फोन करून विचारायचं: खोलीपर्यंत पायऱ्या किती, बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का, टब ओलांडून शॉवर घ्यावा लागतो का. आईच्या गुडघ्याला ताऱ्यांपेक्षा ती दांडी महत्त्वाची.

बाबा, मॅनेजरला ईमेल करा: तारखा, खोली क्रमांक, कुणाला किती वाजता सांगितलं, काय उत्तर आलं, आणि किती रक्कम परत हवी तो आकडा. 'योग्य ती भरपाई' असं मोघम लिहू नका. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर नोंद करू. तरीही ढिम्म राहिले तर ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार तुम्ही राहता तिथे, सांगलीतच करता येते. महाबळेश्वरला खेटे नकोत.

रेस्टॉरंटच्या पावत्यांचा कागद थर्मल आहे, काही महिन्यांत अक्षरं उडतील. आजच सगळ्यांचे फोटो काढून मला पाठवा, ईमेलचा मसुदा मी करून देते.

तुमची,
मनू