गोष्ट सांगणाऱ्यांना शाळेत काम मिळावे : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत शिकवते. पिढ्यान्‌पिढ्या कथा सांगणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, अशा कलावंतांना जिल्हा परिषदेच्या शाळांत वर्षभर नियमित आणि मानधनासह काम मिळावे, या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

कुडाळ तालुक्यातील पिंगुळी हे गाव आपल्याला माहीत असेलच. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने जोपासली आणि तो आश्रय संपल्यावर स्वतःच्या बळावर टिकवली. चित्र दाखवत कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही आढळतो. एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला येथे पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो, गातो, मध्येच थांबून गद्यात बोलतो आणि साथीदार त्याला सूर-ताल देतात. रामायण-महाभारतातील प्रसंग या पोथ्यांमध्ये असतात. पण पात्रे बोलतात ती येथल्या माणसांसारखी, आणि म्हणूनच पहिलीतल्या मुलालाही ती परकी वाटत नाहीत. 2021 मध्ये पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा साऱ्या जिल्ह्याला आनंद झाला. त्यानंतर आमच्या मुलांनी त्या कलेविषयी सामान्यज्ञानाच्या प्रश्नाचे उत्तर पाठ केले. समोर बसून अख्खी कथा ऐकण्याची संधी मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांना मिळाली.

आज शासनाची आणि अशा कलावंताची भेट होते ती मुख्यतः दोन प्रसंगी : पुरस्कार मिळतो तेव्हा, आणि वय झाल्यावर मानधन मिळते तेव्हा. राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाने चालणाऱ्या ज्येष्ठ कलावंत मानधन योजनेचा लाभ साधारणपणे वयाच्या 50 वर्षांनंतर मिळतो. त्या मदतीचे मोल मी कमी लेखत नाही. अनेक घरांची चूल त्यावर पेटते. परंतु पंचविशीतल्या तरुणाने वडिलांची पोथी हाती घ्यावी की पुण्या-मुंबईत नोकरी शोधावी, हा निर्णय पन्नाशीनंतरच्या मानधनाकडे पाहून होत नाही. त्याला आत्ता काम हवे, आणि कथेला आत्ता ऐकणारी मुले हवीत. या दोन्ही गरजा एकत्र भागतील अशी जागा शाळेखेरीज दुसरी मला दिसत नाही.

ही स्थिती केवळ कोकणातली नाही. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ या भागांत कोकणा या आदिवासी समाजातील कथेकरी थाळीवर कथा लावतात. काशाच्या थाळीच्या मध्यभागी मेणाने बारीक काडी उभी केली जाते आणि तिच्यावरून बोटे ओढली की घुमणारा अखंड सूर उमटतो. त्या सुरावर कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, कथा रात्र-रात्र चालते. नांदेड जिल्ह्यात किनवटकडे परधान समाजाचे गायक किंगरी या तंतुवाद्यावर गोंडांची कुळकथा सांगत आले आहेत. मराठवाड्यात गोंधळी आहेत. या प्रत्येकाजवळ कथेबरोबर शब्दांचे भांडारही आहे. पिके, अवजारे, नातीगोती, ऋतू यांचे जे शब्द पाठ्यपुस्तकात कधी येणार नाहीत, ते मुलांच्या कानांवर पडण्याचा हाच मार्ग उरला आहे. घरी कोकणा किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला आपली भाषा शाळेत, सर्वांसमोर, आदराने ऐकू येते, तेव्हा ते मूल वर्गात बोलू लागते. असे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. आमच्याकडे ते मालवणीच्या बाबतीत घडते.

शाळेत गोष्टीसाठी प्रयत्न झालेच नाहीत, असे मी म्हणणार नाही. साने गुरुजींच्या निधनानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी मुलांना गोष्टी सांगणाऱ्या साने गुरुजी कथामालेचे काम उभे केले आणि असंख्य कार्यकर्त्यांनी विनामूल्य गोष्टी सांगितल्या. टाळेबंदीच्या काळात ‘गोष्टींचा शनिवार’ हा उपक्रम झाला. 2024 मध्ये शासनाने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ सुरू केला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 स्थानिक कलावंतांना शाळेशी जोडा, असे स्पष्ट सांगते. म्हणजे वेळ उपलब्ध आहे, धोरणही आहे. त्यामागे पैशाची तरतूद नाही. आमच्यासारख्या तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा या शासकीय योजनेतून वर्षाला 10,000 रुपये संयुक्त अनुदान मिळते. त्यातून वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छता भागवायची असते. मग कलावंत शाळेत आलाच तर मुलांकडून पाच-दहा रुपये गोळा होतात, आणि ज्याच्याकडे ते नसतात ते मूल त्या दिवशी घरीच राहते. हे थांबले पाहिजे.

म्हणून मानधन आणि प्रवासखर्च जिल्हा स्तरावरून, थेट कलावंताच्या खात्यात आणि महिन्याच्या आत जमा व्हावा. निविदा मागवून एखाद्या संस्थेला कंत्राट दिले, तर पिंगुळीतला किंवा पेठ तालुक्यातला कथेकरी त्या कागदपत्रांतच अडकेल आणि त्याच्या जागी भलतेच कोणी येईल. केंद्रप्रमुखांकडे, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, आपल्या परिसरातील कथेकऱ्यांची यादी असावी आणि केंद्रातील शाळांनी आपापसांत वार ठरवून घ्यावेत. आयर्लंडमध्ये लेखक व व्यावसायिक कथाकथनकार यांची अशी सूची शाळांसाठी ठेवलेली असते आणि त्यांच्या मानधनाचा काही भाग सार्वजनिक निधीतून दिला जातो. आपल्याला हे अशक्य का असावे?

दोन गोष्टींविषयी मी विशेष आग्रह धरते. पहिली, हा उपक्रम स्नेहसंमेलनातील पंधरा मिनिटांचा ‘आयटम’ होऊ नये. तीस-चाळीस मुले, ध्वनिक्षेपकाशिवाय, जमिनीवर बसलेली, आणि तोच कलावंत वर्षातून चार-पाच वेळा येणारा, अशी रचना हवी. पहिल्या भेटीत मुले केवळ पाहतात. तिसऱ्या भेटीपर्यंत ती कथेच्या पुढे धावू लागतात, कथेकऱ्याला अडवतात, आणि तोही त्यांच्याकडे पाहून कथा वळवतो. पडद्यावरची चित्रफीत हे करू शकत नाही. दुसरी, याऐवजी शिक्षकांनाच दोन दिवसांचे कथाकथन प्रशिक्षण देऊन काम उरकले जाऊ नये. आम्ही वर्गात गोष्टी सांगतोच आणि सांगत राहू. परंतु लहानपणापासून आजोबांच्या मागे बसून साथ करत जे शिकले जाते, ते कार्यशाळेत आमच्या हाती येणार नाही.

काही कथांमध्ये जातीविषयी किंवा स्त्रियांविषयी आज न पटणारे उल्लेख येतात, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर शिक्षक आणि कथेकरी यांनी आधी एकत्र बसून कथा निवडणे हा उपाय मला पुरेसा वाटतो. मात्र प्रत्येक कथेच्या शेवटी तात्पर्य जोडण्याची सक्ती करू नये, ही विनंती.

सुरुवात सिंधुदुर्ग, नाशिकमधील सुरगाणा-पेठ आणि नांदेडमधील किनवट येथून करता येईल. येत्या जूनपूर्वी या भागांतील कथेकऱ्यांना आणि शिक्षकांना एकत्र बोलावून आपण स्वतः त्यांचे म्हणणे ऐकावे आणि पुढील शैक्षणिक वर्षाच्या आराखड्यात या खर्चासाठी स्वतंत्र तरतूद करावी, अशी माझी मागणी आहे.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका, जिल्हा सिंधुदुर्ग