अर्जाने मुदत थांबत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कल्याणच्या कोर्टाबाहेर आधी टाइपरायटर आणि मग संगणक घेऊन मी 34 वर्षे बसलो. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रे, वारस दाखल्याचे अर्ज हे रोजचे काम. पण आमच्याकडची माणसे लोकलने जाणारी, त्यामुळे ‘मा. रेल्वेमंत्री यांचे सेवेशी’ अशी सुरुवात असलेले कागदही पुष्कळ टाइप केले. पादचारी पूल हवा, पंधरा डब्यांची गाडी हवी, बायकांचा डबा वाढवा. असल्या अर्जाला उत्तर आले नाही तरी कोणाचे घर बसत नाही. नुकसानभरपाईच्या अर्जाचे तसे नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधल्या आठवड्यात आमच्या चाळीतला एक तरुण सकाळच्या लोकलमधून पडून गेला. दादरला कपड्यांच्या दुकानात कटिंगचे काम करायचा. (दारात लटकणाऱ्यांना शहाणपण शिकवणारे बरेच आहेत. त्यांनी सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीला गाडीत आत शिरून दाखवावे. जून 2025 मध्ये मुंब्र्याच्या वळणावर जी माणसे पडली तीही हौसेने दारात उभी नव्हती.) स्टेशनवरून पोलिसांना जो मेमो गेला त्यात एकच ओळ होती : रूळ ओलांडताना अज्ञात लोकलची धडक. पाहिले कोणी, तर कोणीच नाही.

तेराव्यानंतर त्याची बायको माझ्याकडे आली. “काका, अर्ज लिहून द्या, मंत्र्यांना पाठवू.” मी लिहून दिला. वर चाळीतल्या आणि त्याच्या रोजच्या डब्यातल्या 61 जणांच्या सह्या घेतल्या, खासदारांना प्रत दिली, सरकारी पोर्टलवरही टाकला. पोर्टलवरून आधी ‘संबंधित विभागाकडे पाठवला आहे’, मग ‘विचाराधीन’ आणि सात महिन्यांनी ‘निकाली’ असा संदेश आला. एका कार्यालयात ती स्वतः गेली तेव्हा खिडकीतून सांगितले, “पास आणा, पासाशिवाय काही नाही.” पास मोबाइलमध्ये होता आणि मोबाइलचा चुरा झाला होता.

या सगळ्यात कोणी म्हणजे कोणीही तिला सांगितले नाही, की भरपाई मंत्री देत नाहीत आणि पोर्टलही देत नाही. त्यासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे, आपल्या राज्यात मुंबईत आणि नागपुरात त्याची पीठे आहेत, आणि मृत्यूच्या दाव्याला घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे. अर्ज विचाराधीन असला म्हणून ती मुदत थांबत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण पटवावे लागते, म्हणजे मूळ वादाआधी आणखी एक वाद.

मी तरी कुठे सांगितले? 2011 साली असाच एक अर्ज मी एका म्हाताऱ्याला टाइप करून दिला होता, मुलासाठी. पंधरा महिने तो उत्तराची वाट बघत राहिला. नंतर वकिलाने तारखा पाहिल्या आणि मान हलवली. त्या अर्जाचे मी वीस रुपये घेतले होते. या वेळी शेजारच्या टेबलावरच्या टंकलेखकाने सहज विचारले, “क्लेम टाकला का?” तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मुदत संपायला 16 दिवस राहिले असताना दावा दाखल झाला.

कागद जमवताना पंचनामा नीट वाचला. ‘एक स्टीलचा डबा, भरलेला.’ दोन्ही स्टेशनांपासून लांब, जिथे रुळाच्या अलीकडे-पलीकडे वस्ती नाही, रस्ता नाही, अशा जागी सकाळी पावणेआठला भरलेला डबा घेऊन माणूस रूळ कशाला ओलांडेल? मेमो लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडला नाही. डबा घरच्यांना परत मिळाला, तिने तो केव्हाच घासून ठेवला. ‘भरलेला’ हा शब्द तेवढा कागदावर राहिला, कुठल्या हवालदाराने लिहिला त्याचे भले होवो.

रेल्वे कायद्याच्या कलम 124-अ प्रमाणे प्रवासी चालत्या गाडीतून चुकून पडला तर चूक कोणाची हे बघितले जात नाही. आत्महत्या, नशा, स्वतःचा गुन्हा असे मोजके अपवाद सोडले तर भरपाई द्यावी लागते. मृत्यूसाठी ती 1 जानेवारी 2017 पासून आठ लाख रुपये आहे. आणि तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने रीना देवी प्रकरणात 2018 मध्येच स्पष्ट केले आहे. वारसाने प्रतिज्ञापत्रावर हकीकत सांगायची, पुढचे ओझे रेल्वेवर. खिडकीपर्यंत हा निकाल अजून पोचायचा आहे.

बरे, मोबाइलवर काढलेल्या पासाची नोंद असते कोणाकडे? रेल्वेच्याच संगणकात. मृताच्या मोबाइल क्रमांकावरून ती काढून चौकशीच्या कागदांना जोडायला काय हरकत आहे? ती विधवेकडे मागायची म्हणजे आपल्याच कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे मागण्यासारखे झाले.

माझी मागणी मात्र त्याहून लहान आहे. मृत्यूच्या भरपाईसाठी येणाऱ्या प्रत्येक अर्जाच्या पोचपावतीवर, निकाली काढताना नव्हे, पोच देतानाच, मराठीत दोन ओळी छापाव्यात : दावा कुठे करायचा आणि कोणत्या तारखेच्या आत. घटनेची तारीख अर्जात असतेच, त्यात एक वर्ष मिळवायचे आहे. अर्ज लिहून देणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती, की ‘सेवेशी’ टाइप करण्याआधी समोरच्याला घटनेची तारीख विचारा.

आमच्या चाळीतल्या दाव्याची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.

आपला,
एक निवृत्त टंकलेखक, कल्याण पूर्व
(नाव व पत्ता संपादकांकडे)