अकरा तासांचा फोटो

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी जोडधंद्याचा विषय काढला आणि आई, तू लगेच विचारलंस, "पगार पुरत नाही का गं?" मागून बाबा म्हणाले, "करायचं तर नोकरी सोडून कर. दोन दगडांवर पाय कशाला?" मी हसण्यावारी नेलं खरं, पण दोन्ही प्रश्न मनातून जाईनात. फोनवर मला धड सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

पगार पुरतो, आई. जुने फोटो संगणकावर नीट करून देणं मला आवडतं आणि आजवर सगळ्यांना फुकटच करून दिलं. मग लागोपाठ तीन अनोळखी माणसांनी विचारलं, "किती घेता?" तेव्हा डोक्यात किडा वळवळायला लागला. पण उत्तर काही देता येईना. शेवटी तुमचा तो बाकावर बसलेला फोटो घेतला, ज्याची घडी नेमकी बाबांच्या चेहऱ्यावरून गेली आहे, आणि घड्याळ लावून बसले. अंदाज होता तीन तासांचा. डाग, ओरखडे पटापट निघाले. पण बाबांचा डावा डोळा घडीतच गेलेला. उजवा उचलून आरशातल्यासारखा उलटा करून तिथे बसवला, तर समोर कुणीतरी परकाच माणूस! कुणाचेच दोन डोळे सारखे नसतात, हे तेव्हा कळलं. त्या एका डोळ्यात दोन संध्याकाळी गेल्या. एकूण तास झाले अकरा.

लोक साधारण जेवढे पैसे देतील असं वाटतं, त्याला अकराने भागलं. ऑफिसात मला तासाला मिळतं त्याचा तिसरा हिस्साही येईना. शिवाय यात गिऱ्हाइकाशी बोलणं, "केस जरा काळे कराल का?" अशा दुरुस्त्यांचे फेरे आणि पैशांसाठी लावायचा तगादा धरलेलाच नाही. म्हणजे एकतर दर वाढवायचा, नाहीतर सोपीच कामं घ्यायची. चेहऱ्यावरून घडी गेलेल्या फोटोचा दर वेगळा, निम्मे पैसे आधी आणि दुरुस्त्या दोनदाच, एवढं ठरवलंय. ओळखीच्यांना हे तोंडावर सांगायचं कसं, ते अजून जमलेलं नाही. फुकट करून देण्याची सवय मीच लावली ना.

मग तासांचा हिशेब. आठवड्याचे तास 168. झोप, ऑफिस, जाणं-येणं, घरकाम वजा करून जे उरले ते बघून खूश झाले होते. पण ते कोरे तास नव्हतेच. त्यात चालायला जाणं होतं, मैत्रिणी होत्या, काहीही न करता पडून राहणं होतं आणि तुमच्याशी रोजचं बोलणं होतं. ऑफिसचे 45 तास, त्यावर 10 धरले की बरोबर 55 होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 साली अंदाज मांडला होता, की आठवड्याला 35-40 तास काम करणाऱ्यांपेक्षा 55 किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी जास्त असतो. आई, हे वाचून तू फोन उचलशील म्हणून लगेच सांगते, मी आठवड्याला सहाच तास ठरवलेत आणि तेही शनिवार-रविवारचे. ऑफिसातून दमून आल्यावर डोळा बसवायला घेतला की काय होतं ते पाहिलंय.

सगळ्यात आधी बघायला हवं होतं ते मी सगळ्यात शेवटी पाहिलं: नोकरीचा करार. सही केली तेव्हा वाचलाच नव्हता. बाहेरचं काम करायचं तर लेखी परवानगी घ्यावी लागेल, असं त्यात स्पष्ट आहे. कंपनीच्या वेळेत किंवा कंपनीच्या लॅपटॉपवर काही बनवलं, तर त्यावर हक्क त्यांचा. अ‍ॅपलच्या संस्थापकांपैकी एक, स्टीव्ह वॉझ्नियाक, एचपी कंपनीत नोकरी करत असताना फावल्या वेळात अ‍ॅपलचा पहिला संगणक बनवत होता. त्याने तो आधी एचपीलाच दाखवला, त्यांनी नको म्हटल्यावरच 1976 मध्ये अ‍ॅपल कंपनी निघाली. माझे फोटो काही एवढे मोठे नाहीत, पण विचारून टाकलेलं बरं. अर्ज दिलाय. उत्तर येईपर्यंत एकही काम घेणार नाही.

पैशांसाठी वेगळं खातं उघडेन. पगारातला कर आपोआप कापला जातो, इथला आपणच आठवणीने बाजूला काढायचा. नवीन स्कॅनर लगेच घेणार नाही, पहिली कमाई होईपर्यंत आहे तोच चालेल.

आता बाबा, तुमचे दोन दगड. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या दोन संशोधकांचा 2014 सालचा अभ्यास वाचला. नोकरी सांभाळत धंदा सुरू करून मग त्यात पूर्णवेळ उतरलेल्यांचे धंदे बुडण्याची शक्यता, एकदम नोकरी सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी होती. तो अभ्यास अमेरिकेतला आणि मला तर पूर्णवेळ उतरायचंही नाही, तेव्हा वादात जिंकले असं म्हणत नाही. पण पगार चालू असला की वाईट गिऱ्हाइकाला "नाही" म्हणता येतं, एवढं नक्की. सहा महिने करून बघते. तासाला ऑफिसच्या निम्मे तरी सुटले नाहीत, तर पुन्हा हौस म्हणून फुकट.

रोजचा फोन आहे तसाच राहील. तो हिशेबात धरलाय.

एक काम आहे. फोटोचा खालचा उजवा कोपरा फाटलाय आणि बाबांचा हात मनगटापासून पुढे नाहीच. मी तीन प्रकारे काढून पाहिला, तिन्ही खोटे वाटतात. बाबा, तुमच्या हातात तेव्हा काही होतं का, की हात नुसताच गुडघ्यावर होता? आईला आठवत असेल तर तिने सांगावं, पण दोघांनी एकमेकांना न विचारता सांगा.

तुमची,
धाकटी